दगडावरचा आकडा

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावामागे आणखी एक शब्द लागतो. अपशिंगे मिलिटरी. हा शब्द कुणी कौतुकाने चिकटवलेला नाही, गावाने तो कमावलेला आहे. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची पिढ्यानपिढ्यांची रीत. पोरगं दहावी-बारावी झालं, की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं आणि भरतीची तारीख घरात लग्नाच्या तारखेसारखी बोलली जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसं कामी आली. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारलं.

सेहेचाळीस. हा आकडा कागदावर वाचताना लहान वाटतो, कारण त्या युद्धाचे सगळेच आकडे प्रचंड आहेत. हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. पण शंभर वर्षांपूर्वीचं एक गाव डोळ्यांसमोर आणावं. मारुतीच्या देवळापासून निघून एकेका आळीतून चालत जावं आणि सेहेचाळीस उंबरे मोजावेत. एवढं मोजेपर्यंत बहुधा गावाची दुसरी वेस येते. त्या वर्षांत बेंदराला बैल सजवायला, पेरणीला पाभर धरायला, पालखीला खांदा द्यायला गावात कोण उरलं असेल, याचा अंदाज मग येऊ लागतो.

अपशिंग्याचं स्मारक प्रसिद्ध झालं, त्याच्यावर वर्तमानपत्रांतून लिहून येतं, स्वातंत्र्यदिनाला तिथे गर्दी असते. पण कोकणात आणि देशावर अशी कितीतरी गावं आहेत, जिथे त्याच युद्धाची खूण म्हणून फक्त एक पाटी आहे. हातभर लांबीरुंदीचा दगड किंवा संगमरवर, कुठे शाळेच्या भिंतीत बसवलेला, कुठे चावडीच्या, तर कुठे नुसताच चौथऱ्यावर. अशा पाट्या युद्ध संपल्यावर हिंदुस्थानभर बसवल्या गेल्या आणि त्यांचा मजकूर जवळपास ठरलेला होता. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. वर गावाचं नाव आणि युद्धाची वर्षं, १९१४ ते १९१९. तोफा १९१८च्या नोव्हेंबरातच थांबल्या होत्या, पण व्हर्सायचा तह पुढच्या वर्षी झाला, म्हणून पाट्यांवर १९१९. मजकूर एकच, बदलायचे फक्त गावाचं नाव आणि दोन आकडे.

त्या दोन आकड्यांपुढे उभं राहिलं, की मन अडखळतं. कारण पाटी एवढंच सांगून थांबते. गेले ते कोण, हे तिला सांगायचंच नाही. ज्या गावात पाटलाच्या वहीत बैलांचीही नोंद रंगाशिंगांसकट व्हायची, त्या गावात मेलेल्या माणसांची नोंद अशी बिननावाची झाली.

गावासाठी लढून मेलेल्याची आठवण दगडात ठेवायची रीत इंग्रजांनी या मुलखात आणली नाही. ती त्यांच्या आधी हजार वर्षं होती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात जावं, महादेवाच्या देवळाच्या आवारात, पाराला टेकून किंवा वेशीबाहेरच्या झुडपात एखादा उभा कोरीव दगड सापडतोच. तो वीरगळ. काही गावांत लोक त्याला नुसतं 'वीर' म्हणतात, काही ठिकाणी तो शेंदूर लागून देव झालेला असतो आणि नव्या नवरा-नवरीला त्याच्या पाया पडायला नेतात.

वीरगळ वाचायचा असतो तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या अंगावरून लढाई पुढे गेलेली. कधी शेजारी गाईंचा कळप कोरलेला असतो, म्हणजे हा गडी गावची गुरं पळवणाऱ्यांशी झुंजत मेला. त्यावरच्या चौकटीत तीच लढाई, ढाल-तलवार घेऊन समोरासमोर आलेली माणसं. त्याच्या वर अप्सरा दोन्ही बाजूंनी वीराला उचलून नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, पुजारी पूजा करत असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, एवढाच त्यांचा अर्थ. त्याच्या शेजारी कधी आणखी एक दगड असतो. त्यावर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात कोरलेला. ती सतीशिळा. तिच्यापाशी उभं राहिल्यावर मागचा वीरगळ पुन्हा पूर्वीसारखा पाहवत नाही.

वीरगळांतला थोरला नमुना मुंबईतच आहे. आज बोरिवलीचा भाग झालेलं एकसर हे जुनं गाव. तिथे पुरुषाहून उंच अशा दगडांवर चक्क समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. एका शिळेच्या तळाच्या चौकटीत टोकदार नाळेची, डोलकाठ्यांची गलबतं रांगेने लढाईला निघाली आहेत. प्रत्येकाच्या अंगाला वल्ह्यांची ओळ आहे, वर धनुर्धारी उभे आहेत. त्यावरच्या चौकटीत गलबतं एकमेकांना भिडली आहेत आणि माणसं पाण्यात पडत आहेत. पाण्यात पडणाऱ्या त्या माणसांना शिल्पकाराने खरोखर पडताना दाखवलं आहे, तोल गेलेली, हात पसरलेली. कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात जे नाविक युद्ध झालं त्याचं हे चित्र असावं, असं अभ्यासक मानत आले आहेत. सोमेश्वर त्या युद्धात बुडाला. पण शिळा राजाची असो की सरदाराची, वल्ही मारणारे हात त्यात आहेत आणि पाण्यात पडलेलेही आहेत.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख असतात. महाराष्ट्रातले बहुतेक मुके आहेत. नाव त्यांच्यावरही नाही. मग महायुद्धाच्या पाटीत आणि त्यांच्यात फरक कुठला? फरक असा, की वीरगळ गावाने गावासाठी उभा केलेला होता. तो कुणाचा हे सांगायला लेखाची गरज नव्हती. घरच्यांना ठाऊक होतं, भावकीला ठाऊक होतं, अमावास्येला तिथे दिवा लावणाऱ्या हातांना ठाऊक होतं. शिवाय दगडात निदान त्याचा देह होता, ढाल धरायची ढब होती, गाई होत्या. पाटीवरचा आकडा गावाच्या तोंडचा नाही. तो जिल्हा कचेरीतून आला. वर्षं सरली, वीरगळाच्या माणसाचंही नाव गाव विसरलं, अनेक वीरगळ नदीच्या घाटावर धुणं आपटायचे दगड झाले, बांधाच्या पायात गेले. हे दुःख खरंच आहे. पण विसरण्यापूर्वी गावाने ते नाव जपलं होतं, तोंडोतोंडी का होईना. पाटीला मात्र पहिल्या दिवसापासून नाव नव्हतं.

गेलेली माणसं गेली कुठे, हेही पाटी सांगत नाही. गावातल्या म्हाताऱ्या त्याला 'जर्मनची लढाई' म्हणायच्या. पण मराठी शिपाई मोठ्या संख्येने मेले ते जर्मनांशी लढताना नव्हे, तुर्कांशी. फ्रान्सच्या चिखलात नव्हे, मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उन्हात. त्या काळच्या बोलण्यात 'बसऱ्याला गेला' एवढं म्हटलं की पुरे. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, अशा मराठ्यांच्या तीन पलटणी जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेल्या आणि तिथून मागे हटताना कुत-अल-अमारा या गावात अडकल्या. १९१५च्या डिसेंबरात वेढा पडला. तो १४७ दिवस चालला.

कुतमध्ये शेवटी शेवटी माणसं भुकेने मरत होती. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी घोड्याचं मांस तोंडात घालायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्माचार्यांची परवानगी बिनतारी संदेशाने मागवून घेतली, तरी अनेकांचं मन धजेना. गावी परत गेल्यावर भावकी पंक्तीला बसू देईल का, पोरीचं लग्न जमेल का, ही भीती पोटातल्या आगीहून मोठी होती. ताज्या भाजीचं पान मिळेना, तसं स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनाशा झाल्या. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. जवळपास तेरा हजार माणसं कैदेत गेली. सैनिकांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. कित्येक वाटेतच पडले, उरले त्यांतले अनेक रस-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर खपले. पावसाची वाट पाहत जिरायती कसणाऱ्या घरातला, विशी-बाविशीचा मुलगा असा कुठल्याशा वाळवंटात रूळ वाहताना मेला. आणि गावच्या शाळेच्या भिंतीवर दुसऱ्या आकड्यात एकाने भर पडली.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि जिथे कबर नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक १९२९ साली बसऱ्याला झालं. ते उभारलं इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. १९१७ साली या संस्थेची स्थापना झाली तेव्हा तिने घेतलेला वसा उदात्त होता. मेलेला प्रत्येक माणूस नावाने स्मरायचा, हुद्दा, वंश, धर्म न पाहता. फ्रान्समध्ये नव शापेल इथल्या हिंदी स्मारकावर, १९२७ साली, तसं झालंही. तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत, शिपायांचीही. बसऱ्याला झालं नाही. तिथे गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचं मात्र पलटणीच्या नावाखाली नुसतं 'इतर इतके' असं लिहिलं. गावच्या पाटीवर जसा आकडा, तसाच तिथे, फक्त दगड मोठा.

याची कबुली यायला शंभर वर्षं लागली. २०२१ साली कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली, तर किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचं नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. कमिशनने माफी मागितली. माफीचं स्वागतच आहे. पण ज्या बाईने दर दिवाळीला दारात पणती ठेवून नवऱ्याची वाट पाहिली असेल, तिच्या कानावर ती कधीच गेली नाही.

नाव कोरलं गेलं तर काय होतं, याचं उत्तर याच मुलखात आहे. पुण्याहून अहिल्यानगरच्या वाटेला, भीमेच्या काठी, कोरेगावचा स्तंभ उभा आहे. लढाई १ जानेवारी १८१८ची. आदल्या रात्री शिरूरहून निघालेली कंपनी सरकारची तुकडी, कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालचे सुमारे आठशे लोक आणि दोन तोफा, सकाळी कोरेगावापाशी पोहोचली तर नदीपलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची मोठी फौज होती. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून, घराघरांतून लढाई झाली. तुकडीला अन्न नव्हतं आणि भीमा समोर असून दिवस बुडेपर्यंत पाणी नव्हतं. रात्री पेशव्यांचं सैन्य निघून गेलं. या लढाईने नेमकं काय ठरवलं यावर इतिहासकार आजही वाद घालतात, पण त्याच वर्षी पेशवाई संपली. १८२१ साली कंपनीने तिथे स्तंभाची पायाभरणी केली. साठ फुटांवर उंच, चौकोनी, वर निमुळता. स्वतःच्या विजयाची जाहिरात, यापलीकडे कंपनीचा हेतू असण्याचं कारण नाही.

मात्र त्या जाहिरातीत एक गोष्ट घडून गेली. स्तंभाच्या पायाशी इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरले, आणि त्यांत पडलेल्यांची नावं घातली. ४९ नावं आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी महारांच्या नावामागे लागणारं 'नाक' आहे. ज्या माणसांची सावली अंगावर पडू नये म्हणून गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्या महार शिपायांची नावं इतर जातिधर्मांच्या शिपायांच्या बरोबरीने, एकाच दगडात, एकाच मापाच्या अक्षरांत कोरली गेली. कोरणाऱ्या पाथरवटाने तेव्हा काय विचार केला असेल? छिन्नीला नावानावांत भेद करता येत नाही. प्रत्येक अक्षराला तितकेच घाव लागतात.

ती अक्षरं पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं गप्प उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीच 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची फौजेतली भरती बंद केली. पलटणीत घालवलेल्या दोन-तीन पिढ्यांनी जे मिळवलं होतं, म्हणजे नियमित पगार, पेन्शन, मुलांना शाळा, ताठ मान, ते एका हुकमाने गेलं. दापोली, महाड या भागांत स्थायिक झालेल्या पेन्शनर घराण्यांना याचा घाव सर्वांत आधी बसला. महाडजवळच्या रावढुळ गावचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनीत आलेले शिपाई. त्यांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तोच झगडा चालवला, १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अशा अर्जांना पुरावा लागतो. आमचे पूर्वज लढले, हे नुसतं सांगून भागत नाही. भीमेच्या काठी तो पुरावा उभा होता, नावानिशी.

१ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. सुभेदार रामजींचा हा मुलगा. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन झालं. त्या वर्षाची सुरुवात एका गावच्या लढाईच्या स्तंभापाशी झाली होती, हे नीट लक्षात घ्यायला हवं. कंपनीने आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडाचा अर्थ तिथे बदलला. दगड तोच, अक्षरं तीच, वाचणारे निराळे. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचाच स्तंभ होता. आता दर १ जानेवारीला लाखो माणसं या स्तंभापाशी येतात. निळे झेंडे, म्हाताऱ्या आयाबाया, खांद्यावर बसवलेली पोरं. २०१८ साली, दोनशेव्या वर्षी, इथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. ती सल अजून ताजी आहे. तरी दुसऱ्या वर्षी माणसं पुन्हा आली, रांगेत उभी राहिली. पायथ्याशी पोहोचल्यावर पुष्कळ जण नमस्कार करतात आणि मग बोट पुढे करून एकेक नाव वाचू लागतात. त्यांत आपल्या आडनावाचं, आपल्या गावचं कुणी असणार नाही हे ठाऊक असतं. तरी वाचतात.

त्या बोटाकडे पाहिलं, की गावोगावच्या त्या आकड्यांच्या पाट्या आठवतात. तिथे बोट ठेवायला अक्षरच नाही.

आणि हे आता भरून काढता येण्यासारखं आहे, म्हणून जास्त लागतं. कमिशनच्या नोंदवह्यांत हिंदी शिपायांची नावं आहेत. आज ती संगणकावर कुणालाही पाहता येतात. अनेक नोंदींत शिपायाच्या नावापुढे बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही दिलेला आहे. खेड, चिपळूण, राजापूर, वाई, पाटण, माणगाव अशी ओळखीची नावं इंग्रजी स्पेलिंगांच्या मोडतोडीतून डोकं वर काढतात. लंडनच्या टंकलेखकाला ती कळली नसतील, पण त्या भागातला शाळामास्तर मोठ्याने वाचू लागला तर दोन मिनिटांत सांगेल, की ही कुठली वाडी. पंजाबात हे झालं आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या नोंदवह्यांतून तीन लाखांहून अधिक पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदी बाहेर आल्या आणि २०२१ पासून लोकांना त्या पाहता येऊ लागल्या. इंग्लंड-कॅनडात वाढलेल्या नातवंडा-पणतवंडांना आपल्या पिंडातल्या, म्हणजे गावातल्या, शिपायाचं नाव सापडलं. मराठी मुलखातही एकेका तालुक्याने हे काम अंगावर घ्यावं. माजी सैनिक संघटना जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे, शाळा आहेत, ग्रामपंचायतींचं जन्म-मृत्यूचं दप्तर आहे. जुनी पाटी काढायची नाही. ती आहे तशीच राहू द्यावी, तिचा आकडाही राहू द्यावा. तिच्या खाली दुसरी पाटी लावावी आणि तिच्यावर नावं लिहावीत.

खलाशांची आठवण या सगळ्यात अजून मागे पडते. कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून हजारो माणसं आगबोटींवर होती, भट्टीत कोळसा घालणारी, डेकवर खपणारी. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी बोटीच्या पोटातली माणसं जात. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं धातूच्या पत्र्यांवर आहेत. रोज शेकडो हातगाड्या त्या इमारतीसमोरून जातात.

नाव राहिलं, गाव राहिलं आणि देह मात्र सापडला नाही, अशीही एक गोष्ट रायगडात आहे, दुसऱ्या महायुद्धातली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावाकडच्या वाडीतले यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर नदीचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशिनगनच्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, टॉमीगनने आणखी एकाला लोळवलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक उलटी धरून तिच्या दांड्याने उरलेल्या दोघांना संपवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि तो १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या तरुण पत्नीने घेतला. कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि माणगावात तहसील कचेरीसमोर पुतळा आहे.

त्या खोऱ्यावर मोंतोने नावाचं छोटंसं गाव आहे, डोंगराच्या माथ्यावर तटबंदीत वसलेलं. जुलै २०२३मध्ये, युद्धाला जवळपास ऐंशी वर्षं होत असताना, त्या गावाने घाडगेंचं स्मारक उभारलं. इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यासाठी खटपट केली. आपल्या गावाजवळ, आपल्यासाठी नव्हे तरी आपल्या भूमीवर पडलेल्या परमुलखातल्या पोराचं स्मारक कसं करावं, यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा देखणा आहे. त्यांनी सूर्यघड्याळ केलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं, की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. घाडगेंचं नाव त्यावर आहे.

मोंतोनेच्या त्या तबकडीवर सावली बारावर येते, तेव्हा माणगावात साडेचार वाजून गेलेले असतात. कचेरीतून सातबाऱ्याचे उतारे घेऊन लोक पायऱ्या उतरू लागलेले असतात, वाडीकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी चाललेली असते, आणि पुतळ्याची सावली पूर्वेला, आवारात लावलेल्या मोटारसायकलींच्या अंगावरून लांबत जात असते.